चौकोनातला पाऊस

उपग्रह पाऊस मोजतात, संगणक अपधाव (वाहून जाणारे पाणी) काढतो, जमिनीतली ओलही सांगतो. मग भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पर्जन्यमापकांवर खर्च कशाला, असे एका जलतज्ज्ञांनी नुकतेच ठणकावून सांगितले. यंत्रे गंजतात, नोंदी चुकतात, भर पावसात वरच्या वाड्यांपर्यंत कुणी पोचत नाही, ही त्यांची कारणे. नोंदी चुकत असतील तर त्या सुधाराव्यात. बंद कशा करायच्या?

हवामान विभागाची चौकोनवार पर्जन्य-आकडेवारी पाव अंशाची आहे. म्हणजे एक चौकोन साधारण 27 किलोमीटरचा, आणि वरंधा घाटाचा माथा ते भोर हे सरळ अंतर जवळपास तेवढेच. माथ्यावर ढग अडून धो धो कोसळतात, हिर्डोशी खोऱ्यातून खाली येता येता जोर ओसरतो, शिरवळकडे तर पर्जन्यछाया लागते. हा सगळा उतार एका चौकोनात कोंबला की हाती येते ती कुठेच न पडलेल्या पावसाची सरासरी. तिचा परिणाम हिशेबात पाहा. अपधाव काढण्याच्या अमेरिकी कर्व्ह नंबर पद्धतीत जमिनीसाठी 80 हा अंक धरला आणि दिवसात माथ्यावर 200 मिलिमीटर, खाली 20 मिलिमीटर पडला, तर दोन्हींचे अपधाव वेगळे काढून सरासरी येते सुमारे 70 मिलिमीटर. आधीच पावसाची सरासरी 110 धरली तर उरतात फक्त 59. धरणात येणाऱ्या पाण्याचा सहावा हिस्सा कागदावरच आटला! आणि ही चौकोनवार आकडेवारी मुळात जमिनीवरच्या पर्जन्यमापकांतूनच बनते, हे त्या तज्ज्ञांना कुणी सांगायचे?

हा वाद जुना आहे. पूर्वी ‘इंग्रजी अमदानीतली सूत्रे फेका’ म्हणणाऱ्यांशीही मी भांडलो आहे. मुंबई इलाख्यातल्या मोजणीवरून बसवलेल्या इंग्लिस-डिसूझा सूत्रांत घाटाला एक समीकरण आहे, पठाराला दुसरे. घाटात वर्षाला 300 सेंटिमीटर पाऊस धरला तर 224 सेंटिमीटर वाहून जातो. पठारावरच्या 70 पैकी जेमतेम 14. साधारण शंभर वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीने जो भेद जपला, तो आज संगणक हाताशी असताना पुसायचा?

ओलीबद्दल थोडक्यात. उपग्रहाला जमिनीचा वरचा पाचेक सेंटिमीटर थर कळतो. खाली भातखाचरात पाणी उभे आणि वर मुरमाड उतारावर वरई, हे दोन्ही त्याच्या एकाच ठिपक्यात येते.

संगणकाचे प्रारूपही मला हवेच आहे. भाटघर धरण वेळवंडी नदीवर, नीरा-देवघर नीरेवर; दोन्हींचे पाणी पुढे वीर धरणात जाते. दोन्हीकडून विसर्ग एकाच वेळी वाढला तर नीराकाठी काय होईल, हे चार तास आधी सांगणारे गणित मोलाचे आहे. त्यासाठी हिर्डोशी, वेळवंडी आणि गुंजवणीच्या वरच्या टोकांना स्वयंचलित पर्जन्यमापक हवेत, ते साफ ठेवायला तिथल्याच गावचा पगारी माणूस हवा, ओढ्यांवर पातळीमापक हवेत. आणि प्रारूपाने काल भाटघरला किती आवक सांगितली होती व प्रत्यक्षात किती आली, हे दोन्ही आकडे पावसाळाभर रोज शेजारी शेजारी छापून लोकांसमोर यावेत.