शेवटची खेप

भूगोलाच्या तासाला लक्षद्वीप पाच मिनिटांत संपते. बेटे ३६, वस्ती १० बेटांवर, क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या थोडी वर. मुले आकडे उतरवून घेतात आणि आपण पुढच्या केंद्रशासित प्रदेशाकडे वळतो. २०२३ साली असाच तास चालू असताना एका मुलीने विचारले, "मॅडम, ही बेटं बुडणार म्हणतात, खरं का?" मी ठरलेले उत्तर दिले. समुद्राची पातळी वाढते आहे, बेटे पाण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी मीटर-दोन मीटरच उंच आहेत, वगैरे. तिचे समाधान झाले नाही. "पण मग तोपर्यंत ते लोक कांदा-बटाटा कुठून आणतात?" वर्ग हसला. मला मात्र हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा वाटला.

आपल्या बेळगावकरांना तो पटकन कळायला हवा. चोर्ला घाटात दरड कोसळली की गोव्यात भाजी महागते, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. तरी गोव्याला अनमोडचा रस्ता आहे, रेल्वे आहे. लक्षद्वीपला घाट एकच, आणि तो अडीचशे-चारशे किलोमीटर रुंद आहे.

त्याच एप्रिलमध्ये सहल मंगळूरला नेली, तेव्हा मुलांना मुद्दाम जुन्या बंदरात घेऊन गेले. मोठी जहाजे पणंबूरच्या नव्या बंदरात लागतात. जुन्या बंदरात गुरुपुर नदीच्या काठाला लागलेली असतात लाकडी बांधणीची यांत्रिक गलबते. तिथले लोक त्यांना मंजी म्हणतात. फळीवरून हमालांची रांग चालली होती. सिमेंट, खडी, वाळू, विटा, लोखंडी सळ्या आणि सगळ्यांत शेवटी कांद्याची पोती. पोत्यांवरचा हुबळीचा शिक्का पाहून मुलांना भलताच आनंद झाला. परतीला याच गलबतांतून खोबरे, नारळ आणि सुकवलेली मासळी येते.

इथे थोडे विषयांतर करते. बेटांचा माल मंगळूरहूनच का? अमिनी, कडमत, किलतान, चेतलत, बित्रा ही उत्तरेकडची बेटे पूर्वी मद्रास राज्यातल्या दक्षिण कानडा जिल्ह्याला जोडलेली होती. त्यांची बाजारपेठ आणि कचेरी दोन्ही मंगळूर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेटांचा वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. ती तारीख आपल्याला कशासाठी आठवते हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. कागदावर रेघ मारून कचेरी हलते, बाजार हलत नाही. तो आपलाही अनुभव आहे.

एका गलबतावरचा तांडेल कच्छमधल्या मांडवीचा निघाला. साठीचा असेल. मुलांच्या प्रश्नांना मुंबईच्या हिंदीत मजेने उत्तरे देत होता. १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात या गलबतांना समुद्रात जाण्याची बंदी असते. म्हणून एप्रिल ते मेचा पूर्वार्ध म्हणजे नुसती धांदल. बेटावरच्या दुकानदाराला चार महिन्यांची बेगमी हवी असते, घर बांधणाऱ्याला स्लॅब पावसाआधी टाकायचा असतो. तांडेलालाही चार महिने घरी बसून खायचे असते. पावसाळ्यात मोठी सरकारी जहाजे जातात, पण जड आणि स्वस्त माल नेणे या गलबतांनाच परवडते. "शेवटच्या खेपेचं भाडं म्हणजे आमचा पावसाळा, बेन," तो म्हणाला. मी विचारले, हवामानात काही फरक जाणवतो का? त्याने हात पुसत सांगितले, "दर्या तो वही है, टाइम बदल गया."

हे वाक्य मी वहीत लिहिले आणि विसरले. ते आठवले १४ मे २०२५ ला. मंगळूरहून कडमतला सिमेंट आणि बांधकामाचे सामान घेऊन निघालेले 'सलामत' नावाचे गलबत त्या दिवशी पहाटे भर समुद्रात बुडाले. सहा खलाशी लहानशा होडीत तरंगत होते. जवळून जाणाऱ्या एका जहाजाला ते दिसले आणि तटरक्षक दलाने सहाही जणांना वाचवले. बंदी लागायला एक दिवस उरला होता.

एका गलबताच्या बुडण्याचे खापर सरळ हवामान बदलावर फोडणे मला मान्य नाही. लाकडी गलबते पूर्वीही बुडत. पण तारखांकडे पाहा. १४ मे २०२१ ला लक्षद्वीपच्याच परिसरात जो कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊ लागला, त्याचे 'तौक्ते' चक्रीवादळ झाले. दोन दिवसांत ते गोव्याजवळून गेले आणि १७ मेला गुजरातेत थडकले. 'ओखी' आले २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस. त्याने मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपले, कल्पेनीचा लाटारोधक बांध मोडला. 'महा' ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी बेटांवरून गेले. त्याच्या थोडेच आधी 'क्यार' येऊन गेले होते. त्या दिवसांतल्या खवळलेल्या समुद्रात नाफ्था भरलेले एक जहाज वाहत येऊन दोनापावलाजवळ रुतले, ते गोवेकरांना आठवत असेल.

यांतले एकही वादळ बंदीच्या चार महिन्यांत उठलेले नाही. सगळी बंदीच्या कडेला किंवा बाहेर, म्हणजे ज्या काळात गलबते पाण्यात असतात त्याच काळातली.

आपल्या कोकणात आषाढ लागण्याआधी होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही रीत पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आली. सरकारी तारखा हे त्याच शहाणपणाचे कायद्यातले रूप. अरबी समुद्रातली वादळे पूर्वीही पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडेच होत, पण थोडी होत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची त्यांनी तुलना केली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. बंगालच्या उपसागरात ती उलट थोडी घटली. तापलेले पाणी हे वादळाचे खाद्य, आणि पावसाळ्याआधीचा अरबी समुद्र चार दशकांपूर्वीपेक्षा एका अंशाहून अधिक तापलेला आहे.

आणि बोट अडायला वादळच लागते असे नाही. २०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणी कोचीहून 'एम. व्ही. कवरत्ती' जहाजाने बेटांवर गेलो होतो. जहाज बेटाला लागत नाही, प्रवाळाच्या कड्याबाहेर उभे राहते. बाजूचा दरवाजा उघडतात, खाली लहान होडी लाटेवर खालीवर होत असते. दोघांची पातळी जुळली की खलाशी दंड धरून पलीकडे ओढतो. आम्ही किंचाळलो. आमच्या पुढची बाई तान्हे मूल खलाश्याच्या हातात देऊन सराईतपणे उतरली. बाळंतीण, म्हातारी माणसे, ऑपरेशन करून परतलेले रोगी, सगळे असेच उतरतात. पश्चिमेचा वारा असेल तर जहाज पूर्वेच्या बाजूला जाते. काही बेटांवर तिकडे धक्के बांधले आहेत. पण लाट जरा उंच झाली की धक्काही कामाचा नाही. जहाज पुढच्या बेटाकडे निघून जाते, आणि ज्यांना उतरायचे असते ते घर डोळ्यांसमोर असून पुढे जातात.

दूर दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा वारा नसताना, निरभ्र आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन आदळतात. मल्याळीत त्याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. त्याचा इशारा आता हैदराबादची 'इन्कॉईस' ही सागरी माहिती संस्था देते. ही चांगली सोय झाली आहे. इशारा मिळाल्यावर जाणार कशाने, हा पुढचा प्रश्न. आम्ही गेलो होतो त्याच जहाजाच्या इंजिनाला १ डिसेंबर २०२१ ला आग लागली. सहाशेहून अधिक प्रवासी सुखरूप राहिले, पण एक जहाज बंद म्हणजे सगळे वेळापत्रक कोलमडले. विमानतळ एकट्या अगत्तीला आहे. तिथली धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, तिच्या दोन्ही अंगांना समुद्र.

मग मोठे धक्के बांधा, असे कोणीही म्हणेल. पण त्यासाठी प्रवाळ फोडून वाट खोल करावी लागते. बेटापुढे लाट मोडते ती प्रवाळामुळे, त्यामुळेच आतले उथळ पाणी शांत राहते. बेटाचे खरे बंदर तेच. म्हैसूरच्या निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानाच्या अभ्यासकांनी अगत्ती, कडमत आणि कवरत्तीच्या प्रवाळांची २४ वर्षे नोंद ठेवली. १९९८ साली ३७ टक्के तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, २०२२ साली १९ टक्के. पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि मरतात. नैसर्गिक बांध खचू लागल्यावर किनाऱ्याला मुंबईच्या मरीन ड्राइव्हसारखे काँक्रीटचे चारपायी ठोकळे लावायचे, आणि त्यांचे सिमेंट त्याच गलबतांनी आणायचे, असे चालले आहे.

माझ्या मते मोठ्या बांधकामापेक्षा बोटीवरचा भार कमी करणे शहाणपणाचे. बेटांवरची वीज बहुतांश डिझेलवर, आणि डिझेल जहाजाने येते. कवरत्तीत बॅटरीसह सौर प्रकल्प झाला, तसे प्रत्येक बेटावर झाले तर तेवढ्या खेपा वाचतील. धान्याची कोठारे मोठी हवीत. आणि बंदीच्या तारखांचा फेरविचार हवा. दरवर्षी हवा पाहून तारीख ठरवायला काय हरकत आहे? २०२५ मध्ये तर मान्सून २४ मेलाच केरळात उतरला.

'सलामत'ची बातमी वाचून त्या मुलीचा फोन आला. सहलीच्या वहीत तिने तांडेलाचा नंबर लिहून ठेवला होता. मेच्या शेवटी मी तो लावला. गलबत त्याचे नव्हते, तो मांडवीत घरी पोचला होता. मी त्याला माझी तारखांची सूचना मोठ्या उत्साहाने ऐकवली. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बेन, बंदी १ मेपासून करा. पण त्या पंधरा दिवसांच्या दोन खेपा जातील, त्याचं भाडं कोण देणार? शेठ तर देणार नाही."

मला उत्तर सुचेना. त्यानेच विषय बदलला. तुमच्याकडे पाऊस लागला का, म्हणून विचारले.

लागला, म्हटले. मेमध्येच.