वीणा खाली टेकू नये

आमच्या सावरगावचे नाव परगावी काढले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी जाम नदी येते आणि तिच्या पाठोपाठ दगड येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव हे दोन काठ नदीपात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी एकमेकांशी कसे झुंजतात, हे वर्तमानपत्रांनी दूरवर पोहोचविले आहे. त्या गोटमारीविषयी आज लिहावयाचे नाही. परंतु दगड हाती घेणारे हेच दोन काठ थंडीच्या दिवसांत एका मांडवाखाली मांडीला मांडी लावून बसतात, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. त्याचे निमित्त असते खंजिरी भजनाच्या स्पर्धेचे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीसारखे साधे वाद्य हाती घेऊन विदर्भातली खेडीच्या खेडी जागी केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा बदलली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. पण खंजिरीने ती सीमा मानली नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात आजही संध्याकाळी कुठल्याही वाटेने निघावे, एखाद्या पारावरून तिची झांज कानी पडतेच.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या तरुण मंडळींनी अशी एक स्पर्धा भरविली आणि मुख्याध्यापक म्हणजे वेळेचा पक्का माणूस, असा सोईस्कर समज करून घेऊन रंगमंचाची व्यवस्था माझ्याकडे सोपविली. चौदा मंडळांनी नावे दिली होती. प्रत्येकाला पंधरा मिनिटे. चौदा पंधरे दोनशे दहा, म्हणजे साडेतीन तास. दुपारी दोनला आरंभ केला तर भाषणे, हारतुरे धरूनही दिवे लागणीच्या सुमारास समाप्ती, असा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखविला. गणिताच्या शिक्षकांनीही तो तपासून बरोबर म्हटले. मी मराठीचा माणूस. मला त्यात चूक दिसण्याचे कारणच नव्हते.

चूक एवढीच होती, की एक मंडळ उठून दुसरे बसेपर्यंत जो वेळ जातो, तो आम्ही कोणीच धरला नव्हता.

उतरणारे आणि चढणारे एकाच पायरीवर समोरासमोर येत. येणाऱ्यांची पेटी काळी एकची, तर तबला जाणाऱ्यांच्या पांढरी चारला लावलेला. मग हातोडीची ठोकठोक सुरू होई. थंडीतल्या दवाने खंजिरीचे कातडे सैल पडे आणि ती शेकायला कोणी चुलीकडे धावे. ध्वनिक्षेपकाच्या तारा पायांत येत. एका उत्साही मुलाने आवाज बंद न करताच एक तार उपसली, तेव्हा असा धडाका झाला की मांडवातली निजलेली पोरे दचकून रडू लागली. प्रत्येक बदलाला सरासरी वीस मिनिटे गेली. भाषणे आटोपून प्रत्यक्ष भजनाला पावणेतीनला सुरुवात झाली होती. तेरावे मंडळ बसले तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. त्याने भैरवी संपविली आणि घड्याळात दहा झाले.

रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक वाजवू नये, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे आणि आम्हाला परवानगीही दहापर्यंतचीच होती. विद्यार्थ्यांना नियम शिकविणाऱ्या माणसाने तो मोडावा कसा? मी आवाज बंद करावयास सांगितले. चौदावे मंडळ तसेच राहिले.

ते एका आडबाजूच्या खेड्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले होते. चिठ्ठीत शेवटचा क्रमांक निघाला म्हणून कुरकुर न करता सात-आठ तास थंडीत बसून होते. त्यांचे प्रमुख सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी. मी हात जोडून त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा खंजिरी फडक्यात गुंडाळीत ते म्हणाले, “चालते जी गुरुजी. देवाच्या दारात वाजवली काय आन् घरी वाजवली काय, सारखीच.” त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर मला रात्री झोप लागली असती.

पुढच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी फराळाला आला. वर्गात मागच्या बाकावर बसून मेजावर बोटांनी ताल धरण्याबद्दल मी त्याला अनेकदा उभे केले होते. आता तो एका मोठ्या शहरातील क्लबांमध्ये रात्री संगीत वाजवितो. त्या व्यवसायाला डीजे म्हणतात. वाचकांना डीजे म्हटले की वरातीपुढची, घरांच्या काचा हादरविणारी गाडी आठवेल. मलाही तीच आठवली आणि माझ्या कपाळावरची आठी त्याने ओळखली. तो हसून म्हणाला, “सर, आमच्याकडे एका रात्रीत तीन-चार जण पाळीपाळीने वाजवतात. पण एकाचं संपून दुसऱ्याचं कधी सुरू झालं, हे नाचणाऱ्याला कळता कामा नये. कळलं, तर दोघांचीही नाचक्की.”

मी चहाचा पेला खाली ठेवला. “कसे जमविता?” हा प्रश्न मी त्याला ज्या उत्कंठेने विचारला, तितक्या उत्कंठेने त्याने मला आयुष्यात काही विचारले नसेल.

त्याने जे सांगितले ते असे. या कलेचा पाया दोन तबकड्यांवर आहे. एक वाजत असताना दुसरी, फक्त वाजविणाऱ्याच्या कानांतल्या श्रवणयंत्रात ऐकून, तयार ठेवावयाची. १९७२ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने काढलेला टेक्निक्स एसएल-१२०० हा तबकडीवादक पुढे क्लबांतून घरोघरच्या जात्यासारखा रूढ झाला, आणि तो मांडला जाई जोडीनेच. दोहोंच्या मध्ये असतो मिक्सर. त्यात निरनिराळे आवाज निरनिराळ्या वाटांनी येतात आणि कोणती वाट किती उघडावयाची हे सरकत्या खुंट्यांनी ठरविता येते. चार वाटा असलेल्या मिक्सरवर पहिला जण दोन वाटा वापरीत असेल, तर येणाऱ्याने आपली यंत्रे उरलेल्या दोन वाटांना जोडावयाची. ज्या वाटेला तार लावावयाची ती आधी पूर्ण मिटलेली हवी. आमच्या मांडवातला धडाका याच अज्ञानाचे फळ होते. शिवाय तबकडीच्या सुईतून येणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण असतो, म्हणून त्याचे प्रवेशद्वार वेगळे असते. इतर यंत्राचा जोरकस प्रवाह चुकून त्या द्वारातून शिरला, तर आवाज फाटून कानठळ्या बसतात. संगणकावर वाजविणाऱ्यांसाठी आता काही मिक्सरांना दोन जोडण्या ठेवलेल्या असतात, त्याही याचसाठी, की जाणाऱ्याचा संगणक निघण्यापूर्वी येणाऱ्याचा लागलेला असावा.

येणाऱ्याने निदान अर्धा तास आधी पोहोचावे, हाती लहान विजेरी असावी, तारांवर नावांच्या चिठ्ठ्या असाव्यात आणि जाणाऱ्याच्या कोपराला आपला धक्का लागू नये. जाणाऱ्याने आपले शेवटचे गाणे पुरेसे लांब निवडावे. येणाऱ्याचे पहिले गाणे त्याच लयीत मिसळून नीट चालू लागले, की मगच जाणाऱ्याने आपली खुंटी हळूहळू खाली ओढावी. आणि आपल्या तारा त्यानंतर काढाव्यात, आधी नव्हे. “आणि सर,” तो उठता उठता म्हणाला, “जाणाऱ्यानं शेवटी मुद्दाम आवाज चढवून ठेवायचा नाही. पुढच्याला जागा ठेवून जायचं. हे यंत्रात नसतं, माणसात असतं.”

तो गेला आणि मी ओसरीवर बसून राहिलो. हे सारे मी पूर्वी कुठेतरी पाहिले आहे, असे राहून राहून वाटत होते. मग आठवले.

लहानपणी गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वडिलांचा वीणेचा पहारा रात्री दोनला असे. मी हट्टाने त्यांच्याबरोबर जाई. सात दिवस आणि सात रात्री वीणा उभी राहावयाची. ती खाली टेकावयाची नाही आणि नाम थांबावयाचे नाही. देऊळ जवळजवळ रिकामे, समई शांत तेवत असलेली. वडील हातपाय धुऊन पुढे होत. आधीचे पहारेकरी आणि ते एकमेकांच्या पाया पडत. मग वीणेचा पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात येई. त्या क्षणी वीणेवर चार हात असत आणि नाम दोन कंठांतून चाललेले असे. मग दोन हात हलकेच सुटत, एक कंठ थांबे. झोपाळलेल्या मला पहारा बदलल्याचे पुष्कळदा कळतही नसे.

म्हणजे मर्म एकच. सोपविणे म्हणजे एकाने थांबणे आणि मग दुसऱ्याने आरंभ करणे नव्हे. सोपविणे म्हणजे काही काळ दोघांनी मिळून धरणे. वारकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, क्लबातल्या पोरांना यंत्रांनी शिकविले, आणि मधल्या मध्ये आम्ही शिकलेली माणसे कोरडे राहिलो.

दुसऱ्या वर्षी आम्ही रंगमंचावर दोन बैठकी अंथरल्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. प्रत्येकीचे ध्वनिग्राहक वेगळे, मिक्सरवरच्या वाटा वेगळ्या, आणि तिथे बसविलेल्या मुलाला ताकीद अशी, की वाट मिटल्याशिवाय तारेला हात लावावयाचा नाही. चढण्याची पायरी एकीकडे, उतरण्याची दुसरीकडे. प्रत्येक मंडळाकडून पट्टी आधीच लिहून घेतली. शाळेच्या एका खोलीत पेटी ठेवून तबला तिथे जुळवून घ्यावयाचा आणि शेगडीवर खंजिरी शेकून घ्यावयाची, असे ठरविले. डावीकडचे मंडळ गात असताना पुढचे मंडळ उजवीकडे येऊन गुपचूप बसे. शेवटचा गजर संपताना इकडे पेटीचा सूर भरला जाई आणि त्या सुरात आधीचे लोक आपले सामान उचलीत. मधे जेमतेम चार मिनिटे जात, तीही बहुतेक माझ्या निवेदनातच. मंडळे चौदाच होती, भाषणेही तेवढीच लांबली. सात वाजून काही मिनिटांनी स्पर्धा आटोपली आणि माणसे घरी जाऊन गरम भाकरी जेवली.

ते खेडेही आले होते. मी स्वतः जाऊन बोलावले होते. या खेपेस त्यांचा क्रमांक सातवा. म्हाताऱ्या बाबांनी पहिले भजन धरले. त्यांच्या उजव्या हाताला चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा खंजिरी घेऊन बसला होता. पहिल्या भजनाच्या मध्यावर त्याने हलकेच साथ धरली. कडवेभर दोन्ही खंजिऱ्या बरोबर वाजल्या. दुसरे भजन सुरू झाले तेव्हा बाबांनी आपली खंजिरी मांडीवर ठेवली होती आणि ते नुसती टाळी देत होते. त्यांना बक्षीस मिळाले नाही. बारा मिनिटांची घंटा मात्र मी त्या मंडळाला दोन मिनिटे उशिरा दिली, हे आज कबूल करतो.

हे सारे लिहिण्यास एक घरगुती कारणही आहे. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेचा कार्यभार घेण्यास गेलो, तेव्हा माझ्या आधीचे गृहस्थ आदल्याच दिवशी निघून गेले होते. मेजावर किल्ल्यांचा एक जुडगा आणि खाली सही करण्याचा कागद. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे कळेपर्यंत पावसाळा उलटला. कोणत्या मुलाला घरी जेवण नसते, हे कळेपर्यंत वर्ष. किल्ल्यांची यादी करता येते. दुसऱ्या गोष्टीची करता येत नाही. मला निवृत्त व्हावयास अजून अवधी आहे, पण शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याला मी आतापासून शेजारी खुर्ची दिली आहे. त्यांना ते थोडे अवघडल्यासारखे होते. होऊ द्यावे.

आणि आपल्या घरांचे काय? महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून पुष्कळ गोष्टी एका पिढीकडून दुसरीकडे जावयाच्या असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया होतात. तीन दिवस भिजविलेल्या गव्हाचा चीक केव्हा शिजला, हे वहीत लिहून ठेवता येत नाही. सासूच्या हातातल्या घाट्यावर सुनेचा हात काही वेळ असावा लागतो. भाषेचेही तेच आहे. मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकतात, शिकलीच पाहिजेत. आजी गेल्यावर मराठीचा वर्ग लावू, असे म्हणणारे घर मात्र माझ्यासारखाच हिशेब करते: चौदा पंधरे दोनशे दहा, आणि मधला वेळ शून्य. आजी बोलत असतानाच नातवाने तिच्या शब्दात आपला शब्द मिसळावयाचा असतो, चुकत का होईना. तिने त्याला हसू नये, त्याने लाजू नये. तेवढा वेळ दोघांचा हात वीणेवर राहू द्यावा.

यंदाच्या स्पर्धेचीही तयारी सुरू झाली आहे. मंडळे आता अठरा झाली आहेत. अठरा पंधरे दोनशे सत्तर. आणि सतरा बदलांची चार-चार मिनिटे मी या वेळी आधी मांडली आहेत.