शस्त्रापूर्वीची शिस्त

फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्याच्या कन्या सईबाई राणीसाहेब यांनी १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांना जन्म दिला. त्या प्रसूतीनंतर त्यांची प्रकृती खालावत गेली, असे सांगितले जाते. बाळराजांना दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या धाराऊला आणावे लागले आणि १६५९ मध्ये सईबाईंनी राजगडावर देह ठेवला. स्वराज्याच्या राणीला त्या काळी जे उपचार मिळणे शक्यच नव्हते, ते आज फलटण परिसरात ऊसतोडणीला आलेल्या गरीब स्त्रीला विनामूल्य मिळावेत, असा शासनाचाच नियम आहे. प्रश्न एवढाच की, ते वेळेवर आणि सुरक्षितपणे मिळतात का?

झालेली प्रगती नाकारण्याचे कारण नाही. २००१-०३ मध्ये देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. महाराष्ट्रात ते १४९ वरून ३३ झाले. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०११ पासून शासकीय रुग्णालयांत सिझेरियनसह मोफत झालेली प्रसूती यांचा या यशात मोठा वाटा आहे. परंतु गर्भवती रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचली म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. खरी परीक्षा त्या दाराच्या आत सुरू होते.

सिझेरियन म्हणजे केवळ सर्जनचे कौशल्य नव्हे. भूल देणारा डॉक्टर, हाताशी असलेले रक्त, निर्जंतुक साहित्य, नाडीबरोबर रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास बाळंतिणीजवळून न हलणारी परिचारिका, यांपैकी एक दुवा निखळला तरी साखळी तुटते. फलटणला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण अशा कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी मध्यरात्री भूलतज्ज्ञ उपलब्ध नसेल, तर अडलेल्या बाईला जिल्ह्याच्या गावी हलवावे लागते. फलटणहून सातारा साठ किलोमीटरच्या आसपास. रक्तस्राव सुरू झालेल्या मातेला एवढा वेळ कोण देणार? एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत प्रसूतीसाठीची भूल शिकवण्याची योजना याच उणिवेतून निघाली. मात्र शिकलेला डॉक्टर त्याच कामावर टिकला, तरच तिचा उपयोग.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची तपासणी सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबायचे. रुग्ण तोच ना, जंतुसंसर्ग टाळणारे औषध दिले ना, गॉझ आणि सुया यांची मोजणी जुळली ना, हे मोठ्याने विचारायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत विविध शस्त्रक्रियांसाठी ही पद्धत वापरली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. खर्च जवळजवळ शून्य!

मात्र कागद भिंतीवर चिकटवला की माता वाचते, अशा भ्रमात कोणी राहू नये. उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर प्रसूतीसाठीची अशीच सूची प्रशिक्षकांच्या मदतीने वापरून पाहिली. कामाच्या सवयी सुधारल्या. परंतु माता व नवजात बालकांच्या मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही, असा निष्कर्ष २०१७ मध्ये समोर आला. शिस्तीला मनुष्यबळ, साधनसामग्री आणि कौशल्य यांची जोड नसेल, तर ती केवळ सही करण्यापुरती उरते.

सुशिक्षित समाजानेही आरशात पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के. एकीकडे गरज नसताना, कधी तर मुहूर्त गाठण्यासाठी पोट उघडले जाते आणि दुसरीकडे गरज असलेली स्त्री रुग्णवाहिकेत तळमळते. दिवस पुरे भरण्याआधी मुहूर्तासाठी बाहेर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो, हे कोणते पंचांग सांगणार?

शासनाने रिक्त पदे भरावीत, हे खरेच. पण रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्या प्रतिष्ठितांनी रंगरंगोटीच्या पलीकडचे प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्यात किती रात्री सिझेरियन होऊ शकले नाही? रक्तसाठा किती दिवस रिकामा होता? तरुणांनी जयंती-पुण्यतिथीपुरते रक्तदान न करता वर्षभराचे वेळापत्रक आखावे. माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा फलटणमध्ये वारकऱ्यांची उणीव पडू नये म्हणून घरोघर लगबग असते. तशीच जागरूकता अडलेल्या बाळंतिणीसाठी रोज रात्री असेल, तर बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असतो, ही म्हण भीतीची न राहता आनंदाची होईल. सईबाईंच्या माहेराला याहून मोठे स्मारक कोणते शोभेल?