मोलकरणीचे वेतन : रोख, खाते आणि नोंद

घरकाम करणाऱ्या स्त्रीचे वेतन रोख द्यावे की तिच्या बँकेच्या खात्यात भरावे, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. वरवर पाहता तो केवळ सोयीचा दिसतो. मालकिणीला मोबाइलवरून पैसे पाठवणे सोपे वाटते. मोलकरणीला बहुधा हातात नोट हवी असते. परंतु या सोयीच्या चर्चेआड वेतनाचा मूलभूत प्रश्न दडलेला आहे. संघटित कामगारांच्या वसाहतींनी, आणि विशेषतः पक्षसभासदांच्या कुटुंबांनी, त्याकडे डोळेझाक करणे योग्य नाही.

भिलाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गच्या भातशेतीच्या मुलखात सार्वजनिक क्षेत्राचा पोलाद कारखाना उभा राहिला. येथील कायम कामगाराने संघटनेच्या बळावर वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व वैद्यकीय सोयी मिळवल्या. त्याच्या वेतनाच्या वाटाघाटी पोलाद उद्योगाच्या राष्ट्रीय संयुक्त समितीत, कामगार संघटनांच्या प्रतिनिधींसमक्ष होतात. त्याच्याच क्वार्टरात भांडी घासणारी, फरशी पुसणारी स्त्री मात्र खुर्सीपारच्या किंवा कॅम्पच्या वस्तीतून सकाळी निघते, एकामागून एक घरे उरकते, आणि तिचे वेतन उंबऱ्यावर, तोंडी आणि एकटीशीच ठरते. एकाच छपराखाली वेतनाचे असे दोन इतिहास नांदत आहेत.

छत्तीसगडच्या खेड्यात कमिया मालकाच्या शेतावर राबे आणि मोबदला धानाच्या मापाने घेई. पौनी-पसारीच्या व्यवस्थेत न्हावी, धोबी, लोहार यांच्या पदरात सुगीला धान्य पडे. महाराष्ट्रातील बलुत्याचेच हे भावंड. धान्याने चूल पेटत असे, हे खरे. पण माप मालकाचे, हिशेब मालकाचा, आणि कष्टाची किंमत आकड्यात कधी उभीच राहत नसे. युरोपातील कामगारांचा अनुभव याहून वेगळा नव्हता. मजुरीऐवजी आपल्याच दुकानातील माल कामगाराच्या माथी मारण्याची इंग्लंडमधील मालकांची पद्धत मोडण्यासाठी १८३१ साली कायदा करावा लागला. त्यानंतरही ती पद्धत चालूच होती, हे एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. मालकाच्या घरात राहणारा कामगार संप करताच बेघर होतो, हेही त्याने तेथेच नोंदवले. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने चलनी नाण्यानोटांत वेतन देण्याचे बंधन घातले, पण ते कारखाने, रेल्वे आणि तत्सम उद्योगांपुरते. रोख मजुरी ही मालकाची मेहेरबानी नसून कामगारवर्गाची कमाई आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मोलकरणीपुरती ही लढाई अद्याप पूर्ण झालेली नाही. उरलेला भात, जुनी साडी, दिवाळीची मिठाई, बंगल्यामागची खोली या सर्वांची किंमत मनातल्या मनात तिच्या वेतनात धरली जाते. देणाऱ्याला ते औदार्य वाटते. ‘ती घरच्यासारखीच आहे’ असे कौतुकाने सांगितले जाते. परंतु घरच्या माणसाच्या आजारपणाचे दिवस कोणी पगारातून कापत नाही. खोलीच्या बदल्यात राबणाऱ्या स्त्रीचे काम सुटले की निवाराही सुटतो, म्हणून ती वेतनवाढीचा शब्द तोंडातून काढत नाही. अडीअडचणीला दिलेली उचल फिटेपर्यंत घर सोडू न देणे हा तर सरळ वेठीचा अवशेष होय. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला; त्याचा अर्थ शहरी स्वयंपाकघरातही लागू करावा लागेल. वेतन पैशातच, पूर्ण आणि ठरलेल्या दिवशी मिळाले पाहिजे. भेटवस्तू ही भेटवस्तूच राहावी.

यानंतरच रोख की खाते हा प्रश्न येतो. खात्याच्या बाजूने सबळ कारणे आहेत. वेतनाची तारीखवार नोंद राहते, थकबाकीच्या वादात पुरावा मिळतो, आणि घरात रोकड दिसताच ती दारूच्या गुत्त्याकडे जाण्याचा धोका कमी होतो. पण खाते तिच्या नावावर असले तरी मोबाइल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती असेल, तर तिच्या कष्टाचा पैसा तिच्या नजरेस पडण्यापूर्वीच खर्च होतो. कर्जाचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. पैसे काढण्यासाठी बँकेत जायचे तर कामावर खाडा. उलट रोख रक्कम तिच्या हातात पडते, पण मागे कसलीच खूण ठेवत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रद्द झालेल्या नोटा मोलकरणींना आगाऊ पगार म्हणून देण्याचे प्रकार अनेक शहरांत घडले. आपल्या अडचणीचा भार कष्टकरी स्त्रीवर टाकणे सुस्थित वर्गाला किती सोपे जाते, हे तेव्हा दिसून आले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली संमत केलेल्या १८९ व्या कराराने याचे उत्तर दिले आहे. वेतन महिन्यातून किमान एकदा थेट रोख द्यावे आणि, कायद्यात किंवा सामुदायिक करारात वेगळी तरतूद नसेल तर, बँकेमार्फत देण्यापूर्वी कामगाराची संमती घ्यावी, असे तो सांगतो. भारताने कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. उलट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने घरगुती सेवेला ‘उद्योगा’च्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. जिचे काम हा उद्योग नाही, तिने तंटा घेऊन कोणाच्या दारी जावे?

म्हणून नोटेपेक्षा नोंद महत्त्वाची आहे. रोख घेणाऱ्या स्त्रीजवळ वेतनकार्ड असावे. ठरलेली रक्कम, कामाचे स्वरूप, भरपगारी सुट्ट्या, दिलेली उचल आणि वेतनाची तारीख त्यावर लिहून मालकाने दरमहा सही करावी, आणि कार्ड तिच्याच जवळ राहावे. खात्यात वेतन हवे असेल तर निर्णय तिचा असावा. हे आपोआप घडणार नाही. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप करून दाखवून दिले की, एकेका घरात विखुरलेल्या स्त्रियाही एकत्र येतात, संघटना बांधतात आणि मालकांना बोलणी करायला लावतात.

भिलाईसारख्या कामगार वसाहतीत या कामाचा आरंभ संघटित कामगाराच्या स्वतःच्या क्वार्टरापासून झाला पाहिजे. कारखान्याच्या दारावर वेतनचिठ्ठीसाठी घोषणा देणाऱ्याच्या घरी मोलकरणीच्या वेतनाचा कागद नसेल, तर ती विसंगती वस्तीतील स्त्रियांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. घरकामगारांच्या संघटनेचे आवाहन घेऊन वस्तीत जाण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरचे वेतनकार्ड सहीनिशी पुरे करावे.