उरलेल्या तेलाच्या डब्याची किंमत किती?

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपल्या की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार-पाच तेलाचे डबे उरतात. त्यांची किंमत किती धरायची? ‘जेवढ्याला घेतले तेवढी’ हे उत्तर चटकन तोंडावर येतं. पण सगळे डबे एकाच भावाने घेतलेले नसले तर?

घरून व्यवसाय करणाऱ्या बऱ्याच जणी खरेदी लिहितात, विक्री लिहितात आणि उरलेल्या मालापुढे ‘अंदाजे’ लिहितात. त्या एका शब्दाने वर्षभराचा सगळा नफाच अंदाजे होऊन बसतो. कारण नफा काढताना विक्रीतून वजा होतो तो वापरलेल्या मालाचा खर्च, आणि तो कळतो खरेदीतून उरलेला माल वजा केल्यावर. उरलेल्याची किंमत हजाराने वाढवली की नफाही हजाराने वाढतो. गल्ल्यात मात्र एक रुपयाही जास्त येत नाही.

२०२४ ची दिवाळी आठवते ना? १४ सप्टेंबरपासून सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून थेट २० टक्के केलं. शुद्ध तेलावरचं १२.५ वरून ३२.५ टक्के झालं. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे दुकानातले भाव लगेच चढले आणि चकल्या तळायला तर जेमतेम दीड महिना उरला होता.

आमच्या खमरियात दोन काकू भागीदारीत फराळ करतात. जबलपूरची ही वस्ती आयुध निर्माणीभोवतीची. खडकी, भंडारा, वरणगाव अशा ठिकाणांहून बदली होऊन आलेली मराठी घरं इथे नवी नाहीत, त्यामुळे चकली, अनारसे, कडबोळी यांना गिऱ्हाईक तयार असतं. त्या वर्षी काकूंनी काही डबे शुल्क वाढण्याआधी घेतले होते आणि काही नंतर. समजायला सोपं जावं म्हणून आकडे मी गोल करते. आधीचे १० डबे प्रत्येकी १,७०० रुपयांना, नंतरचे १० डबे २,१०० रुपयांना. एकूण खरेदी ३८,००० रुपये. दिवाळीत १५ डबे संपले, ५ उरले.

आता हे ५ डबे कोणत्या भावाचे?

आधी आलेला माल आधी संपला असं मानलं, म्हणजे फिफो, तर उरलेले पाचही डबे नव्या भावाचे ठरतात: १०,५०० रुपये. वापरलेल्या तेलाचा खर्च २७,५००. दुसरी पद्धत भारित सरासरीची. ३८,००० भागिले २० म्हणजे डब्याला १,९००. उरलेला माल ९,५०० चा, वापरलेला २८,५०० चा. तिसरी लिफो: शेवटी आलेला माल आधी संपला असं धरायचं. मग उरलेले डबे जुन्या भावाचे, ८,५०० रुपयांचे, आणि खर्च २९,५००.

डबे तेच, तेल तेच, तरी तीन पद्धतींचे तीन नफे आणि पहिल्या-तिसऱ्यात २,००० रुपयांचं अंतर. हे अंतर कायमचं नसतं. यंदाचा शिल्लक माल पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा माल होतो, त्यामुळे आज जास्त दिसलेला नफा उद्या तेवढाच कमी दिसतो. प्रश्न फक्त कोणत्या वर्षी दिसायचा एवढाच असतो. लिफोचा विचार आपण इथेच सोडू. अमेरिकेत ती अजून चालते, पण आपल्या लेखा मानकात तिला जागा नाही आणि आयकराच्या हिशेबातही नाही.

राहिल्या दोन. माझं मत विचाराल तर मिसळणाऱ्या मालाला सरासरी. तेल एकदा मोठ्या पिंपात ओतलं, बेसन एका डब्यात रिकामं केलं की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे कोणाला सांगता येणार? सीलबंद पाकिटं, तारीख असलेले मसाले, साबण, क्रीम यांना फिफो शोभते. आणि प्रत्येक नग वेगळा असेल, पैठणी किंवा सोन्याचा दागिना, तर त्या नगाची स्वतःची खरेदी किंमतच लिहायची. तिथे सरासरी काढणं म्हणजे बारा हजारांची आणि चाळीस हजारांची पैठणी एकाच घडीत गुंडाळणं.

इथे एक गल्लत नेहमी होते. फळीवरून जुना माल आधी उचलणं वेगळं आणि हिशेबात कोणता भाव आधी संपवायचा हे वेगळं. खमरियासारख्या ठिकाणी हे पटकन समजतं. दारूगोळ्याला आयुष्य असतं, जुना आधी बाहेर पडलाच पाहिजे, मग कागदावर किंमत कशीही लावा. स्टोअरमध्ये काम केलेल्या कोणालाही ‘बिन कार्ड’ विचारा. मालाच्या खणापाशी लटकणाऱ्या त्या कार्डावर तारीख, किती आले, किती गेले, किती उरले एवढंच असतं. पैशांचा हिशेब दुसरीकडे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या आणि खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली. तेव्हापासून तिथल्या कोठारातला माल हा एका कंपनीच्या ताळेबंदातला आकडा आहे. तुमच्या माझ्या वहीतलाच प्रश्न, फक्त शून्यं जास्त.

आता काकूंकडे परत. खरी अडचण नफ्याची नव्हतीच. दिवाळीनंतर एकीच्या यजमानांची बदली झाली आणि भागीदारी मिटवायची वेळ आली. उरलेला माल दुसरी ठेवून घेणार, निघालेलीला तिचा अर्धा हिस्सा पैशांत मिळणार. तेल, तूप, काजू, खसखस, सगळंच महागलेलं. वहीत सरासरी भाव. जाणारीला वाटत होतं, बाजारात आज हे याहून महाग आहे. राहणारीला वाटत होतं, इतकी वर्षं सरासरीच लावली, आजच का बदलायची? दोघीही खोटं बोलत नव्हत्या, म्हणूनच बोलणं अवघड झालं होतं.

यावर हिशेबशास्त्रात उत्तर आहे. भागीदार बाहेर पडताना मालाचं नव्याने मूल्यांकन करतात. वहीतली पद्धत वर्षाचा नफा मोजायला. वाटणीला आजचा बाजारभाव. दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून भाव विचारून यादी केली. पाच डब्यांचे ९,५०० ऐवजी १०,५०० धरले गेले, म्हणजे तेलापुरते जाणारीला ५०० रुपये जास्त. तसंच बाकीच्या जिन्नसांचं. तुमची भागीदारी जावेशी असो की शेजारणीशी, हे कलम गोडीत असतानाच लिहून ठेवा.

बाजारभावाचा दुसरा उपयोग विक्रीची किंमत ठरवताना. जुन्या १,७०० च्या डब्यावर चकलीचा भाव बेतला तर त्या पैशांत पुढचा डबा येत नाही. वहीत सरासरी राहू द्या, दरपत्रक मात्र पुढच्या खरेदीकडे बघून करा.

आणि भाव उतरले तर? ३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलावरचं तेच शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. नियम असा, की शिल्लक माल खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी रक्कम, यातल्या कमी आकड्याने धरायचा. देवदिवाळीनंतर उरलेला चिवडा २०० ऐवजी १०० रुपये किलोने जाणार असेल आणि करायला १४० पडले असतील, तर वहीत १०० लिहा. मात्र कच्च्या मालाला एक सूट आहे. तेल स्वस्त झालं तरी त्याची चकली लागत खर्चात किंवा वर विकली जाणार असेल, तर तेलाची किंमत उतरवायची नाही.

टॅली वापरत असाल तर नव्या मालाला ते आपणहून सरासरीच लावतं, एकदा तपासून घ्या. पद्धत दरवर्षी बदलता येत नाही, सबळ कारण लागतं, आणि ‘यंदा नफा कमी दिसायला हवा’ हे त्यात बसत नाही. वही वापरत असाल तर प्रत्येक जिन्नसाला एक पान: तारीख, आलेलं, भाव, गेलेलं, उरलेलं. ३१ मार्चला दुकान बंद झाल्यावर डबे खाली उतरवून वजन करा आणि पानावरच्या शेवटच्या आकड्याशी ताडून बघा. शेंगदाण्यात फरक नक्की येईल. घरात मुलं असतील तर कारण शोधत बसू नका, ‘घरखर्च’ म्हणून लिहून टाका.