टॉप मॉडेल कशाला?

परवा बाबांचा फोन आला. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, डिझायरचं कुठलं मॉडेल घेऊ?" चार सेमिस्टरनंतर घरून आलेला हा पहिला टेक्निकल प्रश्न! रूमवर लगेच सभा भरली आणि एकमताने ठराव पास झाला, "टॉपच घ्या, सनरूफ पाहिजे!" पैसे अर्थात बाबांचे.

मी मात्र ब्रोशर उघडून बसलो. चौथ्या पिढीची डिझायर नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हाचे मॅन्युअलचे एक्स-शोरूम भाव असे होते: एलएक्सआय ६.७९ लाख, व्हीएक्सआय ७.७९, झेडएक्सआय ८.८९ आणि झेडएक्सआय प्लस ९.६९. म्हणजे खालून वरपर्यंत २.९० लाखांचा फरक. एवढ्या पैशात इंजिन बदलतं का? अजिबात नाही! चारही मॉडेल्समध्ये तेच ११९७ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ८२ पीएसचं पेट्रोल इंजिन. सहा एअरबॅग आणि ईएसपीसुद्धा सगळ्यांत. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला पाच तारे मिळाले, ते काही सनरूफमुळे नाही.

मग डिकी एवढी आखूड का? कारण टॅक्स! २००८ ची पहिली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती. छोट्या गाड्यांना कमी कर म्हणून २०१२ मध्ये ती आखूड झाली. आज लांबी ३९९५ मिलिमीटर. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४०. वर्कशॉपचे सर 'टॉलरन्स, टॉलरन्स' का ओरडतात, ते आता कळलं!

सीएनजीचाही विचार केला. कंपनीच्या दाव्याप्रमाणे किलोला ३३.७३ किलोमीटर, पेट्रोल मॅन्युअलला लिटरला २४.७९. पण टाकी डिकीत बसते आणि आमच्याकडे दर सुट्टीत गावाहून धान्याची पोती येतात. सीएनजी बाद.

माझं मत व्हीएक्सआय. मागच्यांना एसीची हवा लागते, टचस्क्रीन आहे, बास. झेडएक्सआयचे एलईडी हेडलाइट रात्री कामाचे, हे मान्य. पण टॉपपेक्षा बरेच पैसे वाचतात (नोव्हेंबर २०२४ च्या भावाने १.९० लाख) आणि पुढच्या वर्षी धाकटीची ॲडमिशन आहे.

बाबा ऐकून म्हणाले, "फी वाया गेली नाही म्हणायची!"

रूमवर मात्र अजून सनरूफचीच चर्चा चालू आहे. चालू द्या, हप्ते त्यांना थोडेच भरायचेत!