डॉक्टरांचा फोन आणि रुग्णाचा विश्वास

गेल्या गणेशोत्सवातील प्रसंग. आरतीनंतर महाप्रसादाच्या पंगतीत नातवाचे छायाचित्र दाखवावे म्हणून मी माझा फोन शेजारी बसलेल्या स्नेह्यांच्या हाती दिला. त्यांचे बोट सहज पुढे सरकले आणि पडद्यावर आला एका भगिनींच्या स्तनातील गाठीचा अहवाल, नावासकट! त्या भगिनी त्याच पंगतीत चार पाने पलीकडे बसल्या होत्या. स्नेह्यांनी काही न बोलता फोन परत केला. माझा घास मात्र घशातच अडकला.

इंदूरचा आपला मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस ओळखतो. नाव कळले की घर कळते. म्हणूनच आपली जबाबदारी अधिक. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास बजावले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

तरीही फोन घेताना आपण कॅमेरा आणि किंमतच पाहतो. खरे तर पहिला प्रश्न असावा, सुरक्षेची अपडेट्स किती वर्षे मिळणार? गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी, तर सॅमसंगने २०२४ साली गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. एका ॲपने दुसऱ्या ॲपमध्ये आपला माग काढण्यापूर्वी परवानगी घेणे ॲपलने २०२१ पासून आयफोनवर बंधनकारक केले. या गोष्टी मोलाच्या आहेत.

परंतु माझाही फोन महागडाच होता! व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कुणास वाचता येत नाही. मात्र त्यातील चित्र आपल्या गॅलरीत येऊन बसते, आणि बॅकअपला कुलूप आपणच लावावे लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की प्रत्येक डॉक्टराने रुग्णांसाठी स्वतंत्र फोन ठेवावा. तो घरात कुणाच्या हाती देऊ नये, त्यातील चित्रे गॅलरीत उतरू देऊ नयेत आणि जुना फोन विकण्यापूर्वी तो पूर्ण पुसावा. दोन फोनांचा खर्च काहींना जड वाटेल. पण सल्लाकक्षाचे दार बंद करूनच आपण रुग्णास बोलते करतो ना?

दुसऱ्या दिवशी मी त्या भगिनींकडे जाऊन घडले ते सांगितले व क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मी अजून मुलीलासुद्धा सांगितलेले नाही.”